छपराखालची हवा

मोटारहोमच्या टपावर काचेचे, ॲल्युमिनियमच्या चौकटीतले सोलर पॅनेल जास्त टिकते की पातळ, वाकणारे, या वादात दोन्ही पक्षांची नजर पॅनेलवरच खिळलेली असते. एकजण काचेचा कडकपणा सांगतो, दुसरा वजनाचा हिशेब मांडतो. पॅनेल आणि टप यांच्यामध्ये काय आहे, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. हा प्रश्न आजचा वाटत असला तरी आपल्याकडे तो जुना आहे. उन्हात उभी राहणारी आणि जागा बदलणारी छपरे दख्खनच्या पठारावर शतकानुशतके वापरात आहेत, आणि त्यांतली कोणती टिकली, कोणती नाही, याचा अनुभव कारागिरांच्या हातात मुरलेला आहे. हिंगोलीचेच उदाहरण घेऊ. गेल्या दोनशे वर्षांत या गावाने लष्कराची राहुटी पाहिली, बंजाऱ्यांचे पाल पाहिले, दमणीचा तट्ट्या पाहिला, निजामाच्या राज्यातली मोटार पाहिली, आणि आता शेताशेतांत सोलरच्या प्लेटा पाहत आहे. या साऱ्यांचा एकत्र विचार केला की मला एकच गोष्ट दिसते. उन्हात टिकण्याचा गुण छपराच्या कापडात, पत्र्यात किंवा काचेत असतोच, पण त्याहून जास्त तो छपराखाली मोकळ्या ठेवलेल्या हवेत असतो. वाकणारे पॅनेल लवकर मरते ते बऱ्याच अंशी त्याला टपाला चिकटवून त्याची ही हवा काढून घेतली जाते म्हणून.

हिंगोली ही निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेची छावणी होती. 1853 च्या तहानंतर या फौजेला हैदराबाद कंटिंजंट हे नाव मिळाले; बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे अचलपूर ही तिची इतर ठाणी. 1903 मध्ये फौज मोडली आणि हिंगोलीची छावणीही गेली. या छावणीच्या नावावर एक भयंकर कथा आहे. फिलिप मेडोज टेलर यांनी 1839 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ठगावरच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ती दिली आहे. छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता आणि इंग्रज अधिकारी त्याच्याकडून रोज खरेदी करत. मुंबईहून कापड आणायचे म्हणून त्याने सरकारी परवाना काढला, ते कापड घेऊन येणाऱ्या खऱ्या मालकाला आणि त्याच्या माणसांना वाटेत मारले, आणि त्याच परवान्यावर माल हिंगोलीत आणून उघडपणे विकला. पुढे ठगांचा बंदोबस्त झाला, तेव्हा माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी जबलपूरला एक उद्योगशाळा काढण्यात आली. त्या शाळेचा मुख्य माल होता तंबू आणि सतरंज्या. प्रवाशांना वाटेत गाठणाऱ्यांनी प्रवासाची छपरे शिवत बसावे, हा इतिहासाचा एक विचित्र न्याय म्हणायचा. आपल्या विषयापुरती महत्त्वाची गोष्ट या तंबूंच्या रचनेत आहे. हिंदुस्थानातल्या फौजेसाठी शिवलेल्या चांगल्या तंबूला छत दुहेरी असे: आतले एक, बाहेरचे एक, आणि दोहोंमध्ये हातभर पोकळी. बाहेरचे कापड ऊन झेलून तापायचे, मधली हवा ती उष्णता घेऊन कडेने निघून जायची, आतले छत त्यामानाने थंड राहायचे. इंग्लंडातल्या हवेला पुरणारा एकेरी तंबू इथल्या वैशाखात माणसाला भाजून काढी. दुहेरी छताने माणूस वाचायचाच. शिवाय बाहेरचे कापड विटले, फाटले की तेवढेच बदलता यायचे.

कुणी म्हणेल, हे साहेबाचे डोके. पण तीच समज आपल्या दमणीतही आहे. दमणी म्हणजे माणसे नेण्याची हलकी बैलगाडी. तिच्यावर बांबूच्या कांबींची कमान आणि कमानीवर बांबूच्या पट्ट्यांचा विणलेला तट्ट्या. हे छप्पर पूर्ण लवचीक आहे. चाक खड्ड्यात गेले की कमान झुकते, तट्ट्या करकरतो, काहीही मोडत नाही. पुढून-मागून ते उघडे आणि विणीतून हवा खेळती. तट्ट्या काही पावसाळ्यांत कुजायचा, मग नवा आणून सुतळीने बांधायचा. गाडीचा सांगाडा म्हणजे बाभळीच्या लाकडाची साटी मात्र त्याच्यापेक्षा कितीतरी वर्षे जास्त चालायची. बंजाऱ्यांच्या तांड्यांनी लमाणीचा व्यापार बुडेपर्यंत बैलांच्या पाठीवर पाले वाहिली, त्यांचीही रीत हीच. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे कारखान्याच्या आवारात कोप्या उभारतात, तिथे पाचट आणि ताडपत्री हंगामापुरतीच असते आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. लवचीक छपराबद्दल आपल्याकडे कधी तक्रार नव्हती, कारण त्याच्याकडून कुणी पंचवीस वर्षांची अपेक्षाच केली नाही. ते दोरीने बांधलेले असे, सोडवता येई, स्वस्तात बदलता येई. लवचीक पॅनेलच्या बाबतीत घोटाळा होतो तो इथे. त्याला तट्ट्यासारखे नाजूक करून वर पत्र्यासारखे कायमचे डकवले जाते.

मग मोटारी आल्या. निजामाच्या राज्यात रेल्वेखात्यानेच जून 1932 मध्ये 27 बसगाड्या घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. सरकारी मालकीच्या बससेवेचा हा हिंदुस्थानातला पहिला मोठा प्रयोग. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला तशी इथली बस वाहतूकही त्या राज्याकडे गेली. त्या राज्याच्या सरकारी बससेवेची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला धावली होती. या गाड्यांनी आपल्या विषयात एक नवी गोष्ट आणली, ती म्हणजे टप. टपावर लोखंडी कॅरिअर आणि मागे चढायला शिडी. ट्रंका, पोती, कोंबड्यांचे खुराडे, वर ताडपत्री. हे कॅरिअर पत्र्यापासून चार बोटे वर उचललेले असे. माल टपाला टेकून पत्रा चेपू नये म्हणून ही सोय, पण तिच्यामुळे टपावर एक उचललेले, हवा खेळणारे दुसरे छत आपोआप तयार झाले. चौकटीचे सोलर पॅनेल आज मोटारहोमवर ज्या रुळांवर बसवतात, ते रूळ या कॅरिअरचेच वंशज आहेत. नवीन तंत्र जुन्या फिटरच्या सवयीवर येऊन बसले, आणि ती सवय बरोबर निघाली.

पॅनेलचा स्वतःचा इतिहासही याच दिशेने जातो. 1954 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर घट दाखवला, तेव्हा उन्हाचा साधारण सहा टक्के भाग विजेत उतरत होता. 1958 मध्ये हे घट व्हॅनगार्ड उपग्रहावर गेले. जमिनीवर ते टिकवायचे कसे, हा प्रश्न मात्र 1975 नंतरच कसून हाताळला गेला. अमेरिकन सरकारच्या पैशाने जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने कारखान्यांकडून टप्प्याटप्प्याने पॅनेल विकत घेतली आणि ती ऊन, दमट हवा आणि थंडी-उष्णतेच्या फेऱ्यांत घालून मोडून पाहिली. सुरुवातीच्या काही पॅनेलांचा दर्शनी भाग मऊ सिलिकोन रबराचा होता. त्यावर धूळ चिकटून बसायची आणि पाणी आत शिरायचे. दहा वर्षांच्या या मोडतोडीतून जे रूप शेवटी टिकले ते आज हिंगोलीच्या शेतात उभे आहे: पुढे कडक काच, घटांच्या दोन्ही अंगांना पारदर्शक प्लास्टिकचा थर, मागे संरक्षक पापुद्रा, भोवती चौकट. काच जिंकली यामागे तीन साधी कारणे आहेत. तिच्यातून ओल जात नाही, अतिनील किरणांनी ती पिवळी पडत नाही, आणि आतल्या ठिसूळ सिलिकॉनला ती वाकू देत नाही. पण काच असूनही पॅनेल मरते, हेही त्याच काळात दिसले. कॅलिफोर्नियात कॅरिझो मैदानावर 1980 च्या दशकात उभारलेल्या प्रकल्पात जास्त वीज मिळावी म्हणून पॅनेलांच्या कडेला आरसे लावले होते. पॅनेल जादा तापली आणि काचेखालचा प्लास्टिकचा थर काही वर्षांतच तपकिरी पडला. काच शाबूत होती. पॅनेल उष्णतेने मेले.

उष्णतेचा हा हिशेब आपल्या हवेसाठी आकड्यांत मांडता येतो. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या डेव्हिड किंग आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये पॅनेलच्या तापमानाची समीकरणे प्रसिद्ध केली. कडक ऊन आणि मंद वारा धरला तर मोकळ्या चौकटीवरच्या पॅनेलातला घट भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे 30 अंशांनी जास्त तापतो. पाठ बंद केलेल्या पॅनेलातला घट 55 अंशांहून अधिक. हिंगोलीत मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो. म्हणजे मोकळ्या पॅनेलचा घट 72 च्या आसपास, आणि कोंडलेल्याचा शंभराच्या उंबरठ्यावर. सिलिकॉनच्या पॅनेलची वीज दर अंशाला साधारण 0.4 टक्क्याने घटते आणि मोजणी 25 अंशांवर होते, हे धरले तर पहिल्याचा अठरा-एकोणीस टक्के तोटा होतो, दुसऱ्याचा तीस टक्के. हा झाला रोजचा तोटा, आणि तो संध्याकाळी भरून येतो. आयुष्याचा तोटा भरून येत नाही. प्लास्टिक पिवळे पडणे, थर सुटणे, जोडतारांचे गंजणे या साऱ्या रासायनिक क्रिया तापमानाबरोबर झपाट्याने वाढतात. दहा अंशांना वेग दुप्पट, असा एक ढोबळ ठोकताळा रसायनशास्त्रात आहे. पंचवीस अंशांच्या फरकाचा अर्थ मग वेगळा सांगायला नको. हे अंदाज आपल्याकडच्या पाहणीशीही जुळतात. मुंबईच्या आयआयटीत 2010 मध्ये सौरविद्युत संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. त्या केंद्राने राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेबरोबर 2013 पासून अनेकदा देशभर फिरून चालू पॅनेलांची तपासणी केली. उष्ण प्रदेशातली पॅनेल थंड प्रदेशातल्यांपेक्षा लवकर खंगतात, हे अपेक्षितच होते. जास्त बोलका निष्कर्ष दुसरा आहे: जमिनीवर उभ्या केलेल्या पॅनेलांपेक्षा घरांच्या छतांवरची पॅनेल अधिक वेगाने खंगलेली आढळली. वस्तू तीच, काच तीच. छतावर खालून येणारी उष्णता जास्त, हवा कमी, आणि बसवणारा हात बऱ्याचदा कच्चा. मोटारहोमचा टप हे छतातलेही वाईट छत. त्यावर चिकटवलेले पॅनेल म्हणजे त्या पाहणीतल्या वाईट गटाचे शेवटचे टोक.

माझा मुद्दा इतका सरळ असता तर बरे झाले असते, पण लवचीक पॅनेलच्या मरणाला दुसरेही कारण आहे आणि ते लपवून चालणार नाही. त्यातला सिलिकॉनचा घट अवघा पाव मिलिमीटरपेक्षाही पातळ आणि स्वभावाने ठिसूळ असतो. पॅनेल वाकते, घट वाकत नाही. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. टपावर बसवताना कुणी पाय दिला, गाडी वळणावर मुरडली, उन्हात पत्रा फुगला आणि रात्री आक्रसला की भेगा वाढतात, आणि तुटलेल्या तुकड्याची वीज बंद होते. कधी तो भाग इतका तापतो की पॅनेलवर जळाल्याचा डाग उमटतो. वरचा थर स्वस्तातल्या पॉलिएस्टरचा असेल तर तो दोनतीन उन्हाळ्यांत धुरकट होतो. ईटीएफई नावाचे फ्लोरिनयुक्त प्लास्टिक याबाबत पुष्कळच सरस आहे. काही घटांच्या मागे तांब्याचा जाड थर असतो, त्यामुळे भेग पडूनही वीज वाहत राहते. म्हणून सगळी लवचीक पॅनेल एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरी इतके खरे की उत्पादक स्वतः काचेच्या पॅनेलला पंचवीस वर्षांची विजेची हमी देतात आणि लवचीकाला बहुधा मोजक्या वर्षांची. विकणारा आपल्या मालाला जेवढे ओळखतो तेवढे कुणीच ओळखत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप अवकाशातून येतो. हबल दुर्बीण 1990 मध्ये गेली तेव्हा तिच्यावर युरोपीय अवकाश संस्थेने बनवलेली गुंडाळता येणारी लवचीक पॅनेल होती. सावलीतून उन्हात येताना ती थरथरायची आणि दुर्बिणीची नजर हलायची. 1993 मध्ये सुधारलेली लवचीक पॅनेल बसवली आणि 2002 मध्ये ती काढून ताठ चौकटीची. आकाराने लहान असून या ताठ पॅनेलांनी वीज जास्त दिली. इथपर्यंत काचवाल्यांचा विजय. पण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर 2000 साली उघडलेली लवचीक पंखांची जोडी पंधरा वर्षांच्या अपेक्षित आयुष्यापुढेही चालत राहिली, आणि 2021 पासून तिथे जोडलेली नवी पॅनेलही गुंडाळीचीच आहेत. लवचीकपणा हाच रोग असता तर हे घडले नसते. तिथे पॅनेल दोन टोकांना ताणून धरलेले असते, पाठ मोकळी असते आणि ते कशालाही चिकटवलेले नसते. अवकाशात हवा नाही, हे खरे; तिथे उष्णता पाठीमागून किरणांच्या रूपाने निघून जाते. वाट वेगळी असली तरी ती मोकळी हवी, ही अट तीच. म्हणून हा आक्षेप मला माझ्या मताचा पुरावाच वाटतो.

दुसरा आक्षेप आपल्या रस्त्यांचा आणि गारांचा. फेब्रुवारी-मार्च 2014 मधली मराठवाड्यातली गारपीट विसरण्यासारखी नाही. काच तिथे काय टिकणार? पॅनेलच्या काचेला आंतरराष्ट्रीय मानकानुसार 25 मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला 23 मीटर वेगाने झेलावा लागतो. त्याहून मोठ्या गारा पडतात आणि काच फुटतेही. पण लवचीक पॅनेलखालच्या घटाला तोच मार बसतो. फरक एवढाच की काच फुटलेली कळते, घट फुटलेला कळत नाही. वजनाचा आक्षेप जास्त खरा आहे. शंभर वॅटचे चौकटीचे पॅनेल सातआठ किलोचे, लवचीक दोन किलोच्या आसपास. लहान गाडीवर चार पॅनेल चढवली की हा फरक गाडीच्या तोलात आणि डिझेलमध्ये दिसतो. वाऱ्याने पॅनेल उचलले जाण्याची भीतीही आहे, म्हणून भोके पाडून पक्के बोल्ट मारावे लागतात आणि मग गळतीची काळजी. ही किंमत खरी आहे. ती नाकारून काचेची वकिली करणे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप इतिहासाचाच. अमेरिकेतली युनायटेड सोलर ओव्होनिक ही कंपनी पोलादाच्या पातळ पत्र्यावर सिलिकॉनचा अतिशय पातळ थर चढवून थेट छताला चिकटणारी पॅनेल करत होती. त्यात ठिसूळ चकत्या नव्हत्याच. ती 2012 मध्ये दिवाळखोरीत गेली. लवचीक पॅनेल टिकत नाही याचा हा दाखला म्हणून कुणी देईल, पण तो चुकीचा ठरेल. तिला चिनी काचेच्या पॅनेलांच्या कोसळत्या किमतींनी मारले. तिच्या पॅनेलमध्ये उष्णतेने विजेची घटही कमी होती. चिकटवूनही त्यातल्या त्यात तग धरणारा एक मार्ग होता आणि बाजाराने तो बंद केला. चिकटवण्याबद्दलचे माझे म्हणणे म्हणूनच आज टपावर मिळणाऱ्या स्फटिकी सिलिकॉनच्या पातळ पॅनेलांपुरते आहे.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. औंढा नागनाथ, नर्सी नामदेव, शिरड शहापूर अशी यात्रेची ठिकाणे असलेल्या हिंगोली जिल्ह्यात अशी फिरती घरे येऊन दिवसभर उन्हात उभी राहणे अगदी शक्य आहे. धावत्या गाडीचा टप वाऱ्याने थंड राहतो, असे सांगितले जाते. ते बरोबर आहे, पण मोटारहोम पंचाईत करते ती उभी असताना, कारण मुक्कामालाच तर तिची वीज लागते. अशा गाडीच्या मालकाने उत्तर शोधायला लांब जाऊ नये. आसपासच्या शिवारात सौर कृषिपंपाच्या योजनांतून उभ्या राहिलेल्या प्लेटा लोखंडी खांबांवर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, पाठ उघडी ठेवून बसवलेल्या आहेत. 2024 पासूनच्या ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेत शेतकरी दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी पाच टक्के रक्कम भरतो. उरलेला सरकारी पैसा वाया जाऊ नये म्हणून तरी ही उभारणी विचाराने केलेली आहे. टपावर एवढी उंची शक्य नाही, चार बोटे शक्य आहे. वजन परवडत नसेल तर परदेशातले काही मोटारहोमवाले करतात ती युक्ती आहे: टपावर पोकळ नळ्यांचा पॉलिकार्बोनेट पत्रा घालायचा आणि लवचीक पॅनेल त्यावर बसवायचे, म्हणजे नळ्यांतून हवा जाते आणि टपाची मुरड घटापर्यंत पोहोचत नाही. आणि गाडी लहान, मुक्काम मोजके असतील तर घडीचे लवचीक पॅनेल टपाला लावूच नये. मुक्कामी दोरीने टांगावे, निघताना काढून घडी करून आत ठेवावे.